‘.२७०’चा प्राध्यापक : जॅक ओ’कॉनर

एखाद्या काडतुसाचे नाव एखाद्या लेखकाशी कायमचे जोडले जावे, असे शस्त्रांच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. ‘.२७० विंचेस्टर’ हे काडतूस आणि जॅक ओ’कॉनर हे अमेरिकन शिकार-लेखक, ही अशीच एक जोडी. ओ’कॉनर यांनी हे काडतूस घडविले नव्हते. विंचेस्टर कंपनीने ते १९२५ मध्ये बाजारात आणले, तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते आणि शिकारीच्या वर्तुळात त्यांचे नाव कुणाला ठाऊकही नव्हते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी रायफल आणि लेखणी दोन्ही चालविल्या. लांब पल्ल्यावरून मोठ्या जनावराची शिकार करायची तर कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी त्यांनाच विचारला. त्यांनी दिलेल्या उत्तरातील ‘.२७०’ हा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. त्या आकड्यामागचा विचार मात्र तितकासा लक्षात राहिला नाही.

ओ’कॉनर यांचा जन्म २२ जानेवारी १९०२ रोजी ॲरिझोनात झाला. त्या वेळी ॲरिझोना हे अमेरिकी संघराज्यातील पूर्ण राज्यही नव्हते. तो दर्जा त्याला १९१२ मध्ये मिळाला. आईवडील लवकर विभक्त झाल्यामुळे टेम्पी या गावी आजोळच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. घोडागाडीचा काळ संपत आला होता आणि मोटारीचा पुरता सुरू झाला नव्हता. गावाबाहेर पडले की वाळवंट, निवडुंग, उघडे डोंगर आणि दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत मोकळे रान. दाट जंगलात जनावर पन्नास पावलांवर अचानक समोर येते. वाळवंटातील डोंगरात ते दरीपलीकडच्या उतारावर ठिपक्यासारखे दिसते. ओ’कॉनर यांच्या पुढील सर्व विचारांची मुळे या भूगोलात आहेत. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्स अँड बगी वेस्ट’ या आत्मचरित्रात त्यांनी हे हरवलेले जग पुन्हा उभे केले.

तरुणपणी काही काळ त्यांनी अमेरिकी नौदलात सेवा केली. त्यानंतर त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि मिसुरी विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी मिळविली. १९२७ मध्ये एलिनॉर बॅरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. टेक्सास आणि ॲरिझोनातील महाविद्यालयांत अध्यापन करीत ते १९३४ मध्ये टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात आले आणि तेथील पत्रकारितेचे पहिले प्राध्यापक झाले. दरम्यान १९३० मध्ये त्यांची ‘कॉन्क्वेस्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. ‘बूम टाऊन’ ही दुसरी कादंबरी १९३८ मध्ये आली. कादंबरीकार म्हणून त्यांना मोठे यश लाभले नाही. पण मंदीच्या त्या वर्षांत वाढत्या कुटुंबाच्या खर्चाला हातभार म्हणून लिहिलेल्या शिकारकथांना वाचक मिळाला. ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकात १९३४ मध्ये आलेला त्यांचा पहिला लेख शिकारीच्या पराक्रमाचा नव्हता. ॲरिझोनातील प्राँगहॉर्न या प्राण्याच्या समस्येविषयीचा होता.

त्यांनी स्वीकारलेल्या काडतुसाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील साधनांकडे पाहिले पाहिजे. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. गुरुत्वाकर्षण सर्व गोळ्यांना सारखेच ओढते. फरक पडतो तो वेळेचा. गोळी जितकी वेगवान, तितका तिला लक्ष्य गाठण्यास कमी वेळ लागतो आणि तितकीच ती कमी खाली येते. अमेरिकेतील हरणांच्या शिकारीत त्या वेळी घरोघरी असलेल्या ‘.३०-३०’ काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने निघे. अडीचशे मीटर अंतर कापताना ती जवळजवळ एक मीटर खाली येई. जंगलात, शंभर मीटरच्या आत, याने काही बिघडत नसे. पण दरीपलीकडच्या जनावरावर नेम धरताना अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी पायात किंवा पोटात लागत असे.

लेसर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे शिकाऱ्यांच्या हाती आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यापूर्वी अंतर डोळ्यांनीच जोखावे लागे. डोंगराळ प्रदेशातील स्वच्छ हवेत, मधे दरी असताना, अनुभवी माणसाचा अंदाजही पन्नास-साठ मीटरने चुकत असे. चुकीची शिक्षा शिकाऱ्याला होत नसे. ती जनावराला होई. पोटात गोळी लागलेला एल्क किंवा रानमेंढा दोन-तीन डोंगर ओलांडून निघून जाई आणि तासन्‌तास, कधी दिवसभर, यातना भोगून मरे. काडतुसाची निवड हा केवळ आवडीनिवडीचा विषय उरत नाही तो या ठिकाणी.

‘.२७०’ काडतुसाने या अडचणीवर एक नेमका उपाय दिला. अमेरिकी लष्कराच्या प्रसिद्ध ‘.३०-०६’ काडतुसाच्याच घराण्यातील मोठी पुंगळी घेऊन तिचे तोंड अरुंद करण्यात आले आणि त्यात सुमारे सात मिलिमीटर व्यासाची, १३० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅम वजनाची गोळी बसविण्यात आली. ती सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास वेगाने निघे. अडीचशे मीटरवर ही गोळी सुमारे चाळीस सेंटीमीटरच खाली येई. हे काडतूस विंचेस्टरच्या ‘मॉडेल ५४’ या नव्या रायफलीबरोबर आले आणि ओ’कॉनर यांनी त्याच वर्षी अशी एक रायफल विकत घेतली. त्याची स्तुती करणारे ते पहिले लेखक नव्हते. कर्नल टाऊनसेंड व्हेलन यांच्यासारख्या ज्येष्ठांनीही ते वाखाणले होते. मात्र त्याच्या गुणदोषांचा इतका प्रदीर्घ आणि सातत्याने पाठपुरावा दुसऱ्या कुणी केला नाही.

या काडतुसाची खरी परीक्षा झाली ती रानमेंढ्यांच्या मागावर. ॲरिझोना आणि शेजारच्या मेक्सिकोतील सोनोरा प्रांताच्या रखरखीत डोंगरांत वाळवंटी बिगहॉर्न मेंढा राहतो. त्याची दृष्टी विलक्षण तीक्ष्ण असते आणि तो नेहमी कड्यावर, जिथून चहूकडचे दिसेल अशा जागी बसतो. ओ’कॉनर यांना या प्राण्याचे वेडच लागले. पुढे रॉकी पर्वतातील बिगहॉर्न, कॅनडातील काळसर स्टोन मेंढा आणि उत्तरेकडील पांढराशुभ्र डॉल मेंढा असे उत्तर अमेरिकेतील चारही प्रकार त्यांनी मिळविले. घामाघूम होऊन चढलेला, धापा टाकणारा माणूस, हातात वजनाला बेताची रायफल आणि डोळ्यांसमोर थोडाच वेळ टिकणारी संधी. अशा स्थितीत गणित करीत बसण्यास सवड नसते.

यावर ओ’कॉनर यांनी सांगितलेला उपाय साधा होता. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, गोळी नेमाच्या बिंदूहून तीन इंच वर लागेल अशा बेताने दुर्बीण जुळवून ठेवायची. मग ‘.२७०’ची गोळी अडीचशे मीटरच्या आसपास नेमक्या बिंदूवर येते. जवळपास तीनशे मीटरपर्यंत ती नेमाच्या रेषेपासून चार इंचांहून फारशी वर वा खाली जात नाही. रानमेंढ्याच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसांचे क्षेत्र त्याहून मोठे असते. त्यामुळे त्या टप्प्यात अंतराचा हिशेब न करता सरळ छातीवर नेम धरता येतो. सपाट मार्गाचा उपयोग त्यांच्या मते इतकाच होता. अंदाज चुकला तरी जनावराला त्याची किंमत मोजावी लागू नये.

दुसरा मुद्दा धक्क्याचा. रायफल झाडताना दस्ता खांद्यावर आदळतो. काडतूस जितके जबर, तितका आघात मोठा. हत्ती-सिंहांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘.३७५ मॅग्नम’चा धक्का ‘.२७०’च्या दुपटीहून अधिक भरतो. धक्क्याची भीती बसलेला माणूस घोडा दाबण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम हुकतो. वर्गात विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या ओ’कॉनर यांना सामान्य माणसाची ही मर्यादा पुरेपूर माहीत होती. वर्षातून एक-दोन आठवडे शिकारीला जाणारा कारकून, शेतकरी वा दुकानदार हाच त्यांचा वाचक होता. ज्या रायफलीने त्याला न घाबरता सराव करता येईल, ती त्याची योग्य रायफल, असे त्यांचे मत होते. मोठ्या गोळीने चुकीच्या जागी केलेल्या जखमेपेक्षा मध्यम गोळीने योग्य जागी केलेली जखम अधिक लवकर आणि अधिक दयेने जीव घेते, हे त्यांनी परोपरीने पटवून दिले.

१९४१ मध्ये ‘आउटडोअर लाइफ’च्या शस्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९७२ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. १९४५ मध्ये प्राध्यापकपद सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले आणि १९४८ मध्ये कुटुंबासह आयडाहो राज्यातील लुइस्टन या गावी स्थायिक झाले. ‘द रायफल बुक’सारखे त्यांचे ग्रंथ शिकाऱ्यांच्या घरी आढळू लागले. त्यांच्या गद्यात शुष्क आकडेवारी नव्हती आणि बढाईही नव्हती. जनावराचे चालणे, पहाटेचा वारा, सोबत्यांच्या खोड्या यांतून ते हळूच तांत्रिक मुद्द्याकडे वळत. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या हजारो तरुणांनी पहिली रायफल घेतली ती त्यांच्या लेखांच्या आधारे, ‘.२७०’च्या लोकप्रियतेत या लेखनाचा वाटा मोठा आहे.

मात्र त्यांना तोलामोलाचा विरोधकही लाभला. त्याच आयडाहो राज्यात, सॅमन या गावी, एल्मर कीथ राहत. १८९९ मध्ये जन्मलेले कीथ गुराखी आणि शिकारी-वाटाड्या होते. एल्कच्या शिकारीसाठी येणाऱ्या पाहुण्यांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे रान तुडविले होते आणि लहान गोळीने जखमी होऊन निसटलेली जनावरे पाहिली होती. रुंद व्यासाची, जड आणि खोलवर घुसणारी गोळीच हवी, हे त्यांचे ठाम मत होते. जनावर पाठमोरे पळत असतानाही त्याच्या मर्मस्थानापर्यंत पोहोचेल, तीच गोळी त्यांच्या लेखी शिकारीस योग्य. ‘.२७०’ त्यांना एल्कसारख्या थोराड जनावरासाठी अपुरे वाटे. या दोघांचा वाद दशकानुदशके चालला आणि त्यात कटुताही आली.

वरकरणी हा वेग विरुद्ध वजन असा झगडा होता. पण दोघांची चिंता एकच होती : जखमी जनावर निसटू नये. कीथ यांचे उत्तर असे की, प्रत्यक्ष रानात संधी वाकडीतिकडीच मिळते, म्हणून तिला पुरून उरणारे काडतूस घ्यावे. ओ’कॉनर यांचे उत्तर असे की, संधी वाकडी असेल तर थांबावे. जनावर आडवे उभे राहीपर्यंत वाट पाहावी. ते न जमल्यास ती संधी सोडून द्यावी. पहिल्या उत्तरात शस्त्रावर भिस्त होती, दुसऱ्यात संयमावर. दोन्ही भूमिकांना आपापली बाजू होती. वाटाड्याला पाहुण्याच्या संयमाची खात्री देता येत नाही, हा कीथ यांचा अनुभव खोटा नव्हता. १९५८ मध्ये आलेल्या ‘.३३८ विंचेस्टर मॅग्नम’ने त्यांच्या मताला बाजारातही मान्यता मिळवून दिली.

कीथ यांच्या टीकेत तथ्य होते ते गोळीच्या बांधणीबाबत. अतिवेगाने जाणारी पातळ कवचाची गोळी जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडावर आदळली, तर फुटून चुरा होई आणि जखम वरवरचीच राही. हा दोष काडतुसाचा नव्हता, गोळीचा होता. १९४६ मध्ये कॅनडात मूसची शिकार करताना जॉन नॉस्लर यांना असाच अनुभव आला. त्यातून त्यांनी मधोमध धातूची आडभिंत असलेली गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग उमलतो आणि मागचा अखंड राहून आत शिरतो. अशा गोळ्या आल्यावर मध्यम काडतुसांची ताकद वाढली. दोन्ही गटांनी पुरेसे लक्ष न दिलेल्या या तिसऱ्या बाजूने वादाचा मोठा भाग निकाली काढला. आजही काडतूस निवडताना नळीच्या आकड्याइतकेच महत्त्व गोळीच्या बांधणीला द्यावे लागते.

ओ’कॉनर ‘.२७०’चे आंधळे भक्त होते, ही समजूत त्यांच्या स्वतःच्या आचरणाने खोटी ठरते. १९५३ मध्ये ते प्रथम आफ्रिकेत गेले. सिंह, रानम्हशी यांसारख्या उलटून हल्ला करणाऱ्या जनावरांसाठी त्यांनी ‘.३७५ मॅग्नम’ आणि त्याहून मोठी काडतुसे वापरली. १९५५ मध्ये ते इराणमार्गे भारतात वाघाच्या शिकारीसाठी आले, तेव्हाही ‘.३७५’च त्यांच्या हाती होती. भारतात त्या काळी परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या मोहिमा कायदेशीरपणे आखल्या जात. वाघांच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपविले. डोंगरापलीकडच्या मेंढ्यासाठी एक काडतूस आणि गवतातून झेपावणाऱ्या वाघासाठी दुसरे, हा भेद त्यांनी कधीच पुसला नाही.

त्यांच्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा घरातच होता. एलिनॉर ओ’कॉनर स्वतः निष्णात नेमबाज होत्या. त्यांची आवडती रायफल ‘७ बाय ५७ माउझर’ या काडतुसाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेले हे काडतूस ‘.२७०’हूनही सौम्य. त्याच्या साह्याने एलिनॉर यांनी उत्तर अमेरिकेत आणि आफ्रिकेत अनेक मोठी जनावरे मोजक्या गोळ्यांत मिळविली. त्या घाई करीत नसत. जवळ जात, टेकू शोधत आणि खात्री झाल्यावरच घोडा दाबत. पत्नीच्या या कामगिरीचा उल्लेख ओ’कॉनर अभिमानाने करीत. ज्या माणसाच्या नावावर ‘.२७०’चा डंका वाजत होता, त्याच्याच लेखनातून हे काडतूस अद्वितीय नसल्याचे दिसत होते.

लांब पल्ल्याविषयीही त्यांची भूमिका संयत होती. सहाशे-सातशे मीटरवरून जनावर टिपल्याच्या फुशारक्या त्यांना पटत नसत. पुष्कळदा ही अंतरे पावलांनी न मोजता गप्पांतच वाढलेली असतात, हे ते जाणून होते. त्यांनी स्वतः मिळविलेली बहुतांश जनावरे तीनशे मीटरच्या आतली होती. ओहोळातून फेरी घालून, वाऱ्याची दिशा सांभाळून, पोटावर सरपटत अंतर कमी करणे ही त्यांच्या दृष्टीने शिकारीची मूळ कला होती. लांब पल्ल्याचे काडतूस हे जवळ जाणे अशक्य असेल तेव्हाचे साधन. न चालण्याची सबब नव्हे.

स्वभावाने ते रोखठोक, काहीसे तापट आणि जिभेला धार असलेले होते. १९५७ मध्ये त्यांना शिकार-जगतातील मानाचे वेदरबी पारितोषिक मिळाले. विंचेस्टरच्या ‘मॉडेल ७०’ रायफलीवर त्यांचे अतोनात प्रेम होते. स्पोकेन येथील कारागीर अल बीसेन यांनी दस्ता चढविलेल्या त्यांच्या दोन ‘.२७०’ रायफली प्रसिद्ध आहेत. पण १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचविण्यासाठी या रायफलीची घडण बदलली, तेव्हा त्यांनी नापसंती लपविली नाही. २० जानेवारी १९७८ रोजी, ७६ वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, हवाईहून परतीच्या समुद्रप्रवासात जहाजावरच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एलिनॉर यांनीही जगाचा निरोप घेतला.

‘.२७०’ काडतुसाला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. या काळात लांब पल्ल्याचे शास्त्र खूप पुढे गेले आहे. अंतर आता अचूक मोजता येते, त्यामुळे सपाट मार्गाचे पूर्वीचे महत्त्व कमी झाले. चारशे-पाचशे मीटरपलीकडे खरा शत्रू वारा असतो आणि वाऱ्याला लांब, निमुळत्या, जड गोळ्या अधिक चांगल्या तोंड देतात. ‘.२७०’च्या नळीतील आटे दहा इंचांत एक फेरा इतकेच पीळदार असल्याने फार लांब गोळी त्यांतून पुरेशी स्थिर फिरत नाही. २००७ मध्ये आलेल्या ‘६.५ क्रीडमूर’सारख्या नव्या काडतुसांनी नेमकी ही उणीव भरून काढली. दूरच्या लक्ष्यभेदासाठी आज कुणी ‘.२७०’ प्रथम निवडणार नाही.

तरीही एक गोष्ट उपकरणांनी बदललेली नाही. सहाशे मीटर अंतर कापण्यास वेगवान गोळीलाही पाऊण सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या वेळात उभे असलेले जनावर एक पाऊल टाकू शकते, आणि छातीवर धरलेला नेम पोटात जातो. अशा चुकीवर कोणत्याही काडतुसात उपाय नाही. उपाय आहे तो अंतर कमी करण्यात किंवा घोडा न दाबण्यात. ओ’कॉनर यांच्या लेखनाचा हा भाग आकडे जुने झाल्यावरही जुना झालेला नाही.

लुइस्टनजवळच्या हेल्स गेट उद्यानात २००६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक केंद्र उघडण्यात आले. तेथे त्यांनी मिळविलेल्या जनावरांची मस्तके मांडलेली आहेत. भोवतीच्या मुलखाला साजेसे असे रानमेंढे त्यांत अर्थातच आहेत. मोठ्या शिंगांचे ते मेंढे पाहून त्यामागच्या गोळीचा विचार मनात येणे साहजिक आहे. पण त्या प्रत्येक मेंढ्यामागे तासन्‌तास केलेली चढण होती, आणि नेम जुळला नाही म्हणून खाली ठेवलेली रायफलही होती.